इन्कम टॅक्सचं पत्र शाळेत आलं म्हणजे अख्खा पगार गेला असं नसते

मी एका अनुदानित हायस्कूलमधे क्लार्क आहे, यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. पगार बिलं, शालार्थ म्हणजे पगाराच्या सरकारी पोर्टलवरची एन्ट्री, फॉर्म १६, सगळं माझ्याच टेबलावर असते. हे लिहायचं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं, कारण हल्ली आजूबाजूच्या शाळांमधून एकच प्रश्न येऊन राहिला, "भाऊ, इन्कम टॅक्सवाल्यायनं पगार कापाले लावला, आता का करावं?" आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगते. कोणी म्हणते नोकरी जाते, कोणी म्हणते पेन्शन अडकते, कोणी म्हणते काहीच करू नका, फाईल आपोआप थंड होते. या तिन्ही गोष्टींवर भरवसा ठेवून लोकांनी लय त्रास काढलेला मी पाहिला आहे, म्हणून जे मला कागदावरून आणि बिलावरून पक्कं माहीत आहे तेवढं सांगतो.

आमच्या शाळेत झालं ते असं. गणिताचे एक सर आहेत, नाव लिहत नाही. आधी दुसऱ्या एका शाळेत होते, तिथं पटसंख्या घटली, तुकडी गेली, सर अतिरिक्त ठरले आणि समायोजनात आमच्याकडे आले. त्यांच्या बाबतीत मुख्याध्यापकांच्या नावानं इन्कम टॅक्स ऑफिसचं पत्र आलं, आयकर कायदा १९६१, कलम २२६ पोटकलम २, अमुक दोन वर्षांची थकबाकी, ती यांच्या पगारातून कापून सरकारजमा करा. मुख्याध्यापक म्हणजे डीडीओ, पगार काढणारा अधिकारी, म्हणून पत्र त्यांना. हेडसरांनी पत्र वाचलं आणि मला बोलावून म्हणाले, बाबू, या महिन्यापासून सरांचा पूर्ण पगार थांबवा, आपल्यावर नको यायला.

मी त्यांना दोष देत नाही, सरकारी शिक्का पाहिला की माणूस आधी स्वतःची मान सोडवते. पण पूर्ण पगार थांबवायचा अधिकार ना त्यांना होता ना त्या पत्रात तसं लिहिलं होतं. त्याच कलम २२६(२) च्या खाली एक परंतुक, म्हणजे जोडलेली अट, आहे आणि ते कोणी वाचतच नाही. त्यात म्हटलं आहे की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगाराचा जेवढा भाग जप्त करता येत नाही, तेवढा भाग इन्कम टॅक्सच्या या वसुलीतूनही मोकळा. आणि कलम ६० काय सांगते, तर पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश, याला हात लावता येत नाही. (पोटगीच्या हुकुमाचा हिशोब वेगळा असतो, तो इथं लागत नाही.)

आता आकडे मांडून पाहा. समजा एकूण पगार ९१,००० आहे. १,००० बाजूला काढले, राहिले ९०,०००. त्याचा तिसरा हिस्सा ३०,०००. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त ३०,००० कापता येतात, ६१,००० त्या माणसाचे. थकबाकी कितीही मोठी असो, एका महिन्याचा हात यापुढं जात नाही. मी हा हिशोब एका कागदावर लिहून, दोन्ही कलमांची प्रिंट जोडून हेडसरांपुढं ठेवला तेव्हा ते मानले.

पण खरी अडचण पुढंच आहे आणि ती कोणत्या कलमात सापडत नाही. आमच्याकडच्या शिक्षकाची पगाराची पावती कधी पाहिली का तुम्ही? त्यातून आधीच पीएफ जाते, प्रोफेशन टॅक्स जाते, एलआयसीचा हप्ता, आणि सगळ्यात मोठा म्हणजे शिक्षक पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता. कायद्यातला तिसरा हिस्सा एकूण पगारावर मोजल्या जाते, हातात पडणाऱ्या पैशावर नाही. म्हणजे कागदावर ६१,००० सुरक्षित आहेत, पण त्या ६१,००० मधूनच पतसंस्था, पीएफ, एलआयसी सगळं जाऊन माणसाच्या खात्यात येतात पंधरा-वीस हजार, कधी त्याहून कमी. सरांची मुलगी अकोल्याला नीटच्या क्लासला होती, रूम, मेस, फी. घरची तीन एकर कोरडवाहू, त्या वर्षी पऱ्हाटीनं काही दिलं नव्हतं. त्यांच्या घरी मी कागद घ्यायला गेलो तर वहिनी दारातच म्हणाल्या, "भाऊजी, यायनं कोणाचे पैसे खाल्ले का? मंग कापून काहून राह्यले?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधणं हेच खरं काम होतं, आणि मला वाटते बहुतेक जण इथंच थांबतात. पत्र आलं, कापलं, भरलं, विषय संपला. अरे पण थकबाकी कशाची आहे ते तर पाहा! सरांनी आयुष्यात कधी टॅक्स चुकवला नाही, दर फेब्रुवारीत त्यांचा पगार टॅक्समुळं कमी निघायचा हे सगळ्या स्टाफला माहीत. मग थकबाकी आली कुठून?

आम्ही सरांच्या पॅनवर इन्कम टॅक्सचं पोर्टल उघडायला बसलो तर पहिली गोष्ट कळली की लॉगिनच सरांकडं नाही. प्रोफाइलमधे ईमेल आणि मोबाईल दोन्ही त्या माणसाचे ज्याच्याकडं पूर्वी स्टाफची सगळी रिटर्न भरायला जायची. तो बाजारातलं ऑनलाइन सेंटर बंद करून केव्हाच नागपूरकडं गेलेला. म्हणजे रिटर्न तपासल्यावर येते ती कलम १४३(१) ची सूचना आली, तिच्यात डिमांड, म्हणजे थकबाकीची मागणी, होती, नंतर आठवणीची पत्रं आली असतील, सगळं त्या माणसाच्या मेलवर. सरांना पहिली खबर लागली ती थेट पगार कापायच्या पत्रातून. हे मी तालुक्यात इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलं की आता कोणीही टॅक्सचा प्रश्न घेऊन आलं की मी आधी तेच विचारतो, प्रोफाइलमधे नंबर कोणाचा आहे? आधारला लिंक असलेल्या मोबाईलच्या ओटीपीवर पासवर्ड नवीन करता येते, अर्ध्या तासाचं काम आहे, फक्त आमच्याकडं दुपारी लाईन गेली की टॉवरही जाते म्हणून सकाळी बसायचं.

लॉगिन झालं आणि मग चित्र स्पष्ट झालं. दोन वर्षांची डिमांड होती आणि दोन्हींची कारणं वेगवेगळी.

पहिलं वर्ष जुन्या शाळेतलं. सरांच्या पगारातून त्या वर्षी टॅक्स कापलेला, पावतीवर स्पष्ट, पण फॉर्म २६एएस मधे, म्हणजे आपल्या पॅनवर जमा दिसणाऱ्या टॅक्सच्या उताऱ्यात, शेवटच्या तिमाहीचा टीडीएस (पगारातून कापलेला टॅक्स) शून्य. म्हणजे कपात झाली पण त्या शाळेनं जानेवारी ते मार्चचं २४क्यू रिटर्न, म्हणजे कापलेल्या टॅक्सचा तिमाही हिशोब, भरलंच नाही. हे रिटर्न ३१ मेपर्यंत भरायचं असते, आणि पगारदाराचा बहुतेक टॅक्स आमच्याकडं जानेवारी-फेब्रुवारीतच कापल्या जाते, म्हणून नेमकी हीच तिमाही राहिली की अख्ख्या वर्षाचा टॅक्स गायब दिसते. शाळा का भरत नाहीत हेही सांगतो, कारण मी त्याच खुर्चीवर बसतो. उशीर झाला की कलम २३४ई नं दिवसाला २०० रुपये लेट फी लागते, कापलेल्या टॅक्सच्या रकमेइतकी होईपर्यंत वाढत जाते, आणि ती भरायला शाळेकडं कोणतंच हेड नसते. वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, संस्थेचे अध्यक्ष म्हणतात बाबूनं भरावं, बाबू म्हणते हेडसरनं भरावं, आणि या भांडणात रिटर्न तसंच पडून राहते. अडचण खरी आहे. पण त्याचा भुर्दंड ज्याच्या पगारातून पैसे कापून घेतले त्याच्यावर पडावा हे मला अजिबात मान्य नाही, आणि कायद्यालाही मान्य नाही.

आयकर कायद्याचं कलम २०५ हेच सांगते. टॅक्स एकदा स्रोतावर कापल्या गेला की तेवढ्या रकमेपुरता तो त्या माणसाकडून पुन्हा मागता येत नाही. कापणाऱ्यानं भरला नसेल तर वसुली कापणाऱ्याकडून करायची. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं, म्हणजे सीबीडीटीनं, १ जून २०१५ ला आणि परत ११ मार्च २०१६ ला आपल्याच अधिकाऱ्यांना पत्र काढून सांगितलं आहे की टीडीएसच्या अशा फरकामुळं निघालेली डिमांड कर्मचाऱ्याकडून जबरदस्तीनं वसूल करू नका. मी ही दोन्ही पत्रं प्रिंट काढून फाईलला लावली. तुमच्याकडंही अशी केस असेल तर ती दोन पत्रं सोबत असू द्या, तोंडी बोलण्यापेक्षा कागदानं काम लवकर होते.

पुरावा म्हणून काय लागलं तर त्या वर्षाच्या पगाराच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट ज्यात निव्वळ पगार जमा झालेला दिसते, आणि जुन्या शाळेचं पत्र की एवढी रक्कम टॅक्स म्हणून कापली होती. हे शेवटचं पत्र मिळवायला सर्वात जास्त पायपीट झाली. आधी म्हणाले रेकॉर्ड नाही, मग म्हणाले तेव्हाचे हेडसर रिटायर झाले. शेवटी मी म्हटलं, बिलाची ऑफिस कॉपी तर असेल, तिचीच सही-शिक्क्याची झेरॉक्स द्या, ते पुरते. ती मिळाली. क्लार्कला क्लार्कची भाषा कळते, त्या बाबूनं गोदामातून गठ्ठा काढून दिला, त्याचे आभार.

दुसऱ्या वर्षाचं कारण वेगळं होतं आणि ते अनुदानित शाळांमधे घरोघरी सापडेल. सातव्या वेतन आयोगाचा फरक आपल्याला हप्त्याहप्त्यानं मिळाला. तो पैसा मागच्या वर्षांचा, पण मिळतो एका वर्षात, म्हणून उत्पन्न फुगते आणि टॅक्सही. त्यावर कलम ८९ ची सूट असते, पण ती रिटर्नमधे घेतली आणि फॉर्म १०ई पोर्टलवर वेगळा भरला नाही तर सीपीसी (रिटर्न तपासणारं इन्कम टॅक्सचं केंद्र) ती सूट सरळ नामंजूर करते आणि डिमांड काढते. रिटर्न भरून देणाऱ्यानं आकडा टाकला, फॉर्म टाकला नाही. शिवाय पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याजही त्या वर्षी दाखवलं नव्हतं, ते एआयएसमधे, म्हणजे खात्याकडं असलेल्या आपल्या उत्पन्नाच्या माहितीत, दिसत होतं, त्यावरचा टॅक्स खरोखर देणं होता. तो देणं होता हे सरांनी लगेच मान्य केलं, उलट म्हणाले जेवढं माझं आहे तेवढं घ्या न, नाही कोण म्हणून राहिलं.

मग आम्ही जिल्ह्याच्या इन्कम टॅक्स ऑफिसला गेलो, सर आणि मी, सकाळच्या एसटीनं. जायच्या आधी पोर्टलवर डिमांडला उत्तर टाकून ठेवलं होतं, तिथं पेंडिंग अ‍ॅक्शनमधे आउटस्टँडिंग डिमांडला रिस्पॉन्स द्यायची सोय आहे, डिमांड मान्य आहे की पूर्ण अमान्य की थोडी अमान्य ते निवडायचं आणि कारण लिहायचं. हे न करता गेलं की तिथला माणूस हमखास म्हणते आधी ऑनलाइन टाका. टीडीएस २६एएस मधे दिसतच नसेल तर नुसतं ऑनलाइन रेक्टिफिकेशन, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज, टाकून बंगळुरूच्या सीपीसीतून काही निघत नाही, मशीनला जे दिसत नाही ते मशीन देत नाही. तिथं आपल्या वॉर्डच्या अधिकाऱ्याकडंच कलम १५४ चा दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागते, कागदासकट.

साहेब तरुण होते. आमच्या नागपुरातच, छिंदवाडा रोडवरच्या प्रत्यक्ष कर अकादमीत देशभरातले इन्कम टॅक्सचे अधिकारी शिकून तयार होतात, त्यामुळं मला मनातून वाटायचं की इकडचे प्रश्न त्यांना थोडे तरी ठाऊक असतील, आणि या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं हे खरं. त्यांनी पावत्या पाहिल्या, बिलाची कॉपी पाहिली, सरांना विचारलं, "एवढ्या वर्षांत आलात का नाही?" सर म्हणाले, "साहेब, मले पत्रच नव्हतं आलं, आलं असतं तर दुसऱ्याच दिवशी येऊन बसलो असतो." त्यांचा आवाज भरून आला होता. बत्तीस मुलांच्या वर्गावर ज्या माणसाचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही, त्याला अशा टेबलासमोर उभं पाहणं मला जड गेलं.

त्या दिवशी तीन अर्ज दिले. एक पहिल्या वर्षाच्या टीडीएसचं क्रेडिट मिळावं म्हणून. दुसरा, १०ई आता भरला आहे तो धरून कलम ८९ ची सूट द्यावी म्हणून. आणि तिसरा कलम २२०(३) चा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटते आणि जो लोकांना माहीतच नसते. त्या कलमाखाली थकबाकी हप्त्यानं भरू द्या किंवा मुदत द्या असा अर्ज करता येते. डिमांडच्या नोटिशीनंतर भरायला साधारण ३० दिवस असतात, खरं तर त्याच ३० दिवसांत हा अर्ज द्यायचा असतो, उशिरा दिला तरी अधिकारी पाहून घेऊ शकते पण हात बांधलेले असतात. त्या ३० दिवसांनंतर कलम २२०(२) नं महिन्याला एक टक्का व्याज चालू होते, महिन्याचा एक दिवस झाला तरी पूर्ण महिना धरतात. चार-पाच वर्षं पत्र दुसऱ्याच्या मेलवर पडून राहिलं तर मूळ रकमेच्या ४८ ते ६० टक्के नुसतं व्याज होते, तुम्हीच हिशोब करा.

अर्जासोबत पगाराची पावती आणि पतसंस्थेच्या कर्जाचा दाखला जोडला, आणि स्पष्ट लिहिलं की तिसरा हिस्सा कापला तर घरखर्चाला अमुक एवढेच उरतात, म्हणून महिन्याला इतकेच कापावे. साहेबांनी ते मान्य केलं आणि शाळेच्या नावानं सुधारित पत्र दिलं.

क्लार्क लोकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. अशी कापलेली रक्कम टीडीएसच्या चलनात टाकू नका. ती त्या कर्मचाऱ्याच्या पॅनवर, बरोबर असेसमेंट इयर टाकून, रेग्युलर असेसमेंट टॅक्स म्हणजे मायनर हेड ४०० मधे भरायची असते. टीडीएसमधे गेली तर पैसा सरकारकडं जाते, डिमांड मात्र जागच्या जागी राहते, आणि बिचाऱ्या माणसाचा पगार कापणं चालूच. चलनाची एक कॉपी त्याला द्या, एक बिलाला लावा.

आणि बँकेचं वेगळं आहे. ऑफिस कधी कधी शाळेला न लिहिता थेट बँकेला लिहिते, ते कलम २२६(३). तिथं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याचा हिशोब बँक स्वतःहून करत नाही, नोटिशीत जेवढी रक्कम आहे तेवढी अडकवून ठेवते. तसं झालं तर बँक मॅनेजरशी भांडत बसू नका, त्याच्या हातात काही नसते, सरळ अधिकाऱ्याकडं जा आणि हे पगाराचं खातं आहे हे दाखवा.

ज्यांची डिमांड फार जुनी आणि लहान आहे त्यांनी आधी पोर्टलवर पाहून घ्या, कदाचित ती निघूनही गेली असेल. २०२४ च्या फेब्रुवारीतल्या अंतरिम बजेटमधे आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ च्या १०,००० पर्यंतच्या डिमांड मागे घ्यायचं जाहीर झालं होतं, एका माणसाला एकूण एक लाखाच्या मर्यादेत. आमच्या एका रिटायर्ड शिपाईकाकांची तशीच गेली. आणि १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यात कलमांचे नंबर बदलले, पण जुन्या वर्षांच्या नोटिशीवर १९६१ च्याच कायद्याचे नंबर असतात, त्यानं गोंधळू नका.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग आहे. शाळाशाळांत फिरून "रिफंड काढून देतो, दहा टक्के माझे" म्हणणारे लोक. खोटं घरभाडं, खोटी देणगी, घरात कोणी अपंग नसताना अपंगत्वाची वजावट, वाट्टेल ते टाकतात. सीबीडीटीनं १४ जुलै २०२५ ला अशाच एजंट लोकांवर देशभर दीडशे ठिकाणी एकदम कारवाई केली, तेव्हा तरी वाटलं लोक सावध होतील. रिफंड एकदा खात्यात येते, एजंट आपला हिस्सा घेऊन जाते, आणि नंतर टॅक्स, व्याज, वरून चुकीची माहिती दिली म्हणून टॅक्सच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड, हे सगळं शिक्षकाच्या पगारातून. तिथं कलम २०५ वाचवायला येत नाही. अशा कोणाला नोटीस यायच्या आधी सुधारायचं असेल तर अपडेटेड रिटर्न आता ४८ महिन्यांपर्यंत भरता येते, जास्तीचा टॅक्स द्यावा लागते पण घरी बसून भरता येते.

सरांच्या पहिल्या वर्षाची डिमांड आता पोर्टलवर शून्य दिसते, व्याजासकट गेली. दुसऱ्या वर्षाची सूट मंजूर होऊन जेवढी उरली तिचे हप्ते चालू आहेत, दर महिन्याला मी चलन काढतो आणि कॉपी सरांना देतो. पण त्याच जुन्या शाळेतून समायोजनात दुसरीकडं गेलेले बाकीचे शिक्षकही आहेत, कोणी पुसदकडं, कोणी आर्णीला, आणि त्यांचाही टॅक्स त्याच तिमाहीत कापला होता. त्यांना मी एकेकाला फोन करून राहिलो. सर, पॅन आणि आधारला लिंक असलेला मोबाईल घेऊन रविवारी सकाळी शाळेत या, २६एएस काढून पाहू.